मुलाच्या चालीने

नागपूरच्या वेगवेगळ्या वस्त्यांत राहणाऱ्या काही पालकांनी आपापल्या घरी ठेवलेल्या वह्या एकत्र केल्या आणि त्यांतून हे पुस्तक तयार झालं. तीन ते सहा वर्षांची मुलं, ज्यांना नर्सरीत घातलेलंच नाही किंवा घालून परत काढून घेतलं आहे. घरात आई, बाबा, आजी-आजोबा, कधी शेजारची एखादी ताई. आणि सकाळ उजाडली की समोर उभा राहणारा प्रश्न, आज काय करायचं? त्या प्रश्नाची या घरांनी शोधलेली उत्तरं इथे आहेत. प्रस्तावनेसाठी हस्तलिखित माझ्याकडे आलं तेव्हा मी सगळ्यात आधी आठवड्याचं वेळापत्रक शोधलं. ते होतं, पण पेन्सिलीने लिहिलेलं आणि ठिकठिकाणी खोडलेलं. छापतानाही पालकांनी ती खाडाखोड तशीच ठेवली आहे. या पुस्तकावर माझा विश्वास बसला तो त्या पानावर.

लवचिक अभ्यासक्रमाचं नाव हल्ली पुष्कळ ऐकू येतं. त्याचे दोन अर्थ सर्रास लावले जातात आणि मला दोन्ही मान्य नाहीत. एक असा की जमेल त्या दिवशी जमेल ते करायचं, नाही जमलं तर सोडून द्यायचं. अशा घरात पंधरा दिवसांत मोबाइल अभ्यासक्रमाची जागा घेतो. दुसरा असा की बाजारातून वर्षभराचा छापील संच आणायचा, हॉलमध्ये छोटं टेबल मांडायचं, दहा वाजले की आईने टीचर व्हायचं. आणि लवचिकता एवढीच, की सोमवारचं पान मंगळवारी केलं तरी कोणी रागावत नाही. मला वाटतं, बदलायचं असतं ते मुलापुढे ठेवायचं साहित्य, त्याचा क्रम आणि त्याला द्यायचा वेळ. मोठ्या माणसाचं लक्ष आणि दिवसाची घडी मात्र हलू द्यायची नसते. उठणं, जेवण, बाहेर जाणं, गोष्ट, झोप यांच्या वेळा ठाम असल्या की मधल्या वेळात मुलाला मोकळं सोडता येतं. आणि मोकळं सोडायचं तर ते काय करतंय हे रोज पाहावं लागतं, पाहिलेलं लिहून ठेवावं लागतं. ठरलेलं पान शिकवण्यापेक्षा हे काम अवघड आहे, हे पालकांनी आधीच समजून घ्यावं.

एका वहीतल्या एप्रिल महिन्यातल्या नोंदी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. घरात चार वर्षांचा मुलगा. त्या आठवड्यासाठी रंगांचे खेळ ठरलेले, घोटीव कागद कापून तयार. मुलाला मात्र संध्याकाळी बाबांच्या मागोमाग कूलरमध्ये पाणी भरायला जायचं होतं. पहिल्या दिवशी त्याला प्लास्टिकचा मग दिला, तर अर्धं पाणी फरशीवर. पोछा त्यानेच मारला, म्हणजे पाणी आणखी पसरवलं. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून तांब्या मागितला, कारण त्यातून धार बारीक पडते हे त्याने आजीला तुळशीला पाणी घालताना पाहिलं होतं. मग बादलीत किती तांबे मावतात हे मोजायची टूम निघाली. सहाच्या पुढे आकडे चुकायचे. आजीने चिंचोके काढून दिले: एक तांब्या ओतला की एक चिंचोका बाजूला. नंतर मगाने भरून पाहिलं तेव्हा चिंचोके जास्त लागले आणि तो त्या दोन ढिगांकडे बराच वेळ बघत बसला, असं वहीत लिहिलं आहे. दोन दिवसांनी सकाळी त्याने विचारलं, रात्री कूलरचं पाणी कोण पिऊन गेलं? आईने उत्तर दिलं नाही. एक ओलं फडकं दोरीवर टाकलं आणि तासाभराने त्याला हात लावायला सांगितलं. रंगांचे कागद कपाटातच राहिले. त्या पानाच्या खाली आईने लिहिलं आहे: रंग जूनमध्ये बघू.

या आईने त्या आठवड्यात काहीच शिकवलं नाही, असं एखाद्याला वाटेल. पण मनगटावरचा ताबा, एका वस्तूला एक खूण लावून मोजणं, लहान माप जास्त वेळा ओतावं लागतं ही समज, पाणी वाळून कुठेतरी जातं ही शंका, एवढं सगळं त्या पाण्यातून आलं आणि तिने ते ओळखून नोंदवलं. नोंदवलं म्हणून पुढच्या आठवड्यात काय ठेवायचं हे तिला ठाऊक होतं: वाट्या, गाळणी, नरसाळं, तांदूळ. मूल जिथे पोहोचलं तिथून पुढचं पाऊल तिने आखलं. अभ्यासक्रम म्हणतात तो हाच.

ही कल्पना परदेशातून आलेल्या होमस्कूलिंगच्या लाटेबरोबर आपल्याकडे आली, असा समज शहरी पालकांत दिसतो. तो दूर व्हायला हवा, कारण या बाबतीत मराठी माणसाच्या घरातच मोठा ठेवा आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गेल्या आणि तिथे दोघांनी माँटेसोरी पद्धत भारतीय मुलांच्या अंगाने पारखून घेतली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि खेड्यातल्या गरीब मुलांची बालवाडी सुरू झाली. तिथे त्यांच्यापुढे जो पेच आला तो आजच्या कुठल्याही पालकाने लक्षात घ्यावा असा आहे. बालवाडी होती, बाई होत्या, साहित्य होतं, पण ज्यांच्यासाठी ती काढली ती मुलं येत नव्हती. तेव्हा ताराबाई आणि अनुताई बालवाडीच उचलून मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी जन्मली ती अशी. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा गावोगावच्या केंद्रांना हेच नाव मिळालं.

१९५७ मध्ये हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं गुरं राखायला रानात जायची, शाळेत कुठून येणार? म्हणून शाळा कुरणात भरू लागली, तीच कुरणशाळा. माँटेसोरीचं महाग लाकडी साहित्य परवडणारं नव्हतं. त्याच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं, काटक्या आल्या. त्यातला प्रत्येक बदल मुलाकडे बघून केलेला होता आणि कुठलाही बदल सोयीसाठी केलेला नव्हता. स्वच्छता, शिस्त, साहित्य जागच्या जागी ठेवणं, मुलाच्या हाताला आणि कानाला सवय लावणं यांत दोघींनी कधी सवलत दिली नाही. जागा बदलली, वेळ बदलली, साहित्य बदललं. बाईंचं लक्ष तेवढंच राहिलं. या पुस्तकाच्या लेखकांनी अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचलं आहे हे पानापानांवर जाणवतं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी ते आधी मिळवून वाचावं. माझी प्रस्तावना नंतर वाचली तरी चालेल.

आपल्याला तर याहून जवळचं ठिकाण आहे. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम देशापुढे आली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यानंतर १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामच्या परिषदेत नई तालीमची कक्षा जन्मापासून मृत्यूपर्यंत रुंदावली आणि सात वर्षांखालच्या मुलांचं पूर्व-बुनियादी शिक्षण त्यात आलं, हे कमी जणांना ठाऊक असतं. शांताबाई नारुळकरांनी तिथे लहान मुलांबरोबर काम केलं. पाणी भरणं, धान्य निवडणं, अंघोळ, झाडलोट, बागेतलं काम, गाणी, गोष्टी आणि मोकळा खेळ हाच त्या शिक्षणाचा गाभा, आणि मुलाच्या घराशी, आईशी नातं ठेवणं हा त्याचा अर्धा भाग. आज नागपूरच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एखादी आई मुलाला तुरीच्या शेंगा सोलायला बसवते तेव्हा ती नकळत सेवाग्रामच्याच वाटेवर असते.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण सासरचे, माहेरचे आणि शेजारचे हा प्रश्न हमखास विचारतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याची सक्ती सहा ते चौदा या वयासाठी आहे. सहा वर्षांखालच्या मुलाला शाळेत घालायलाच हवं असा कायदा नाही. या वयाच्या संगोपनाची आणि शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यघटनेच्या कलम ४५ ने सरकारवर टाकली आहे, पालकाला त्यात सक्ती नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा सलग पायाभूत टप्पा मानला, आणि २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर स्पष्टच म्हटलं आहे की तीन ते सहा वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तक नको आणि परीक्षा तर नकोच नको. खेळ, गोष्ट, घरची भाषा, आजूबाजूच्या वस्तू यांतून शिकवा, असं सरकारी कागदच सांगतो. मग साडेतीन वर्षांच्या मुलाला रोज चार पानं गिरवायला देणारी नर्सरी नेमकी कोणाचं ऐकते, हा प्रश्न पालकांनी तिथे जाऊन विचारावा. सहा वर्षांनंतर मूल घरीच ठेवायचं का, मुक्त शाळेचा मार्ग घ्यायचा का, हा निराळा आणि जास्त गुंतागुंतीचा विषय आहे. हे पुस्तक त्यात शिरत नाही, ते योग्यच.

पुस्तकाचा सगळ्यात भरघोस भाग आहे नागपूरच्या वर्षाचा. तो मला इतका आवडला की त्यावर थोडं रेंगाळते. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, कारण जूनच्या मध्यापर्यंत इथे ऊन उतरलेलं नसतं. म्हणजे ऋतूप्रमाणे वेळापत्रक हलवावं लागतं हे इथल्या सरकारी शाळेनेही मान्य केलं आहे. या पालकांनी त्याच धाग्याने अख्खं वर्ष बांधलं. मे महिन्यात, नवतपाच्या कडक उन्हाच्या दिवसांत, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना बाहेरचं काम सकाळी सातच्या आत संपतं. दुपारी खिडकीला ओला वाळा, जमिनीवर चटई, गोष्ट आणि माठातल्या पाण्याची, कैरीच्या पन्ह्याची कामं: उकडलेली कैरी हाताने कुस्करणं, गूळ फोडणं, चव घेऊन मीठ कमी की जास्त सांगणं. मृगाचा पहिला पाऊस आला की सगळं ठरलेलं बाजूला आणि मूल अंगणात किंवा गच्चीवर. यावर पुस्तकात एक ओळ आहे: पहिला पाऊस वर्षातून एकदाच येतो, तेव्हा त्या दिवशी अभ्यास तोच.

मग पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे तान्हा पोळा भरतो आणि त्याच दिवशी शहरात मारबतींचे पुतळे मिरवणुकीने निघतात. बाहेरगावच्या वाचकासाठी सांगते: तान्ह्या पोळ्याला लहान मुलं लाकडी नंदी सजवून मिरवतात आणि घरोघरी जाऊन बोजारा गोळा करतात. एका घराने यातून तीन आठवड्यांचं काम उभं केलं आहे. लाकडी बैलाला पॉलिश पेपरने घासणं, गेरूने रंगवणं, दोरा ओवून घुंगराची माळ करणं, झूल शिवायला कापड मापून घेणं. शेजाऱ्यांकडे गेल्यावर नमस्कार करून काय म्हणायचं याचा सराव. आणि शेवटी मिळालेली नाणी एकेक, दोन-दोन, पाच-पाच अशी वेगळी करणं. मारबतीच्या मिरवणुकीतल्या आवाजाला आणि गर्दीला त्यांची मुलगी घाबरली. तेव्हा ती भीती घरी येऊन चित्रात कशी उतरली आणि दुसऱ्या दिवशी तिने मातीची मारबत करून स्वतःच कशी मोडली, हे त्या वहीत सविस्तर आहे. लहान मुलाच्या भावनांचं शिक्षण म्हणून जे जाड शब्दांत सांगितलं जातं ते इथे दोन पानांत दिसतं.

भुलाबाईच्या दिवसांत डबा हलवून आतली खिरापत ओळखायचा खेळ आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी तो खेळ म्हणूनच खेळला, पण त्यात काय काय आहे बघा. आवाज ऐकून अंदाज बांधायचा, प्रश्न विचारायचे, गोड की तिखट, कोरडं की ओलं, आणि उत्तरावरून एकेक शक्यता बाद करायची. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या भाषेसाठी आणि तर्कासाठी याहून चांगला धडा मला सुचत नाही. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात. संत्रं सोलणं हा बोटांचा व्यायाम, फोडी मोजणं हे गणित, कारण प्रत्येक संत्र्यात फोडी सारख्याच निघत नाहीत आणि कोणत्यात जास्त निघाल्या हे पाहायला मुलं मनापासून मोजतात. हिवाळ्यात वांगी-सोल्याच्या भाजीसाठी शेंगा सोलणं, सांभारवडीसाठी सांभार म्हणजे कोथिंबीर निवडणं. अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर सकाळी पक्षी पाहणं. अजब बंगल्यात जायचं तर एका दालनापुरतंच जायचं आणि एकाच वस्तूसमोर बसायचं, ही सूचनाही मला पटली. १८६३ पासूनचं संग्रहालय एका दिवसात मुलाच्या डोळ्यांतून काढायची घाई कशाला?

अक्षरं आणि अंक यांवर पालक सगळ्यात अस्वस्थ असतात, म्हणून इथे मी माझं मत ठामपणे मांडते. पाच वर्षांच्या आत मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ओळीत लिहायला लावू नये. मनगटाची छोटी हाडं आणि हाताचे स्नायू तेव्हा घडत असतात. कणीक मळणं, फुलं ओवणं, चिमट्याने दाणे उचलणं, कात्रीने कापणं, पाटीवर खडूने मोठे गोल काढणं यांतून हात तयार झाला की लिहिणं काही महिन्यांत येतं. अक्षरांची सुरुवातही अंकलिपीच्या अ आ इ पासून झाली पाहिजे असं नाही. आकाराने जवळची ग, म, भ, न ही अक्षरं आधी घेतली तर वळण सोपं जातं आणि नग, मन, गगन असे शब्द लगेच वाचता येतात. मराठी बालशिक्षणात हा क्रम जुना आहे. मुलाने स्वतःच्या नावाचं अक्षर आधी मागितलं, तर मात्र क्रम सोडून तेच द्यावं.

अंकांच्या बाबतीत दहापर्यंतचा मुक्काम लांबवावा. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं मूल पाहुण्यांपुढे शोभतं, पण सात लाडू आण म्हटलं की पाच आणतं. मराठीत एकवीस ते नव्याण्णवपर्यंत प्रत्येक संख्येचं नाव जवळजवळ वेगळं पाठ करावं लागतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन सुचवलं गेलं तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. वादात कोणाची बाजू घ्यायची ती घ्या. पण सात-आठ वर्षांच्या मुलांनाही ही नावं जड जातात हे त्यातून सगळ्यांपुढे आलं, मग चार वर्षांच्या मुलामागे का लागायचं? दहा वस्तूंचे निरनिराळे गट करणं, कमी-जास्त, जोड्या, अर्धी पोळी, पाव पोळी हे पक्कं होऊ द्यावं.

भाषेचा प्रश्न नागपुरात वेगळा आहे. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांताची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्यामुळे मराठी घरातलं मूल खाली खेळायला गेलं की हिंदीत भांडतं आणि वर येऊन मराठीत तक्रार करतं. कोणाच्या घरी वऱ्हाडी, कोणाच्या हलबी, कोणाच्या गोंडी. या पुस्तकात ज्या घराची जी बोली तिच्यातच गोष्टी सांगितल्या आहेत. आजीच्या बोलीला 'शुद्ध' करण्याचा खटाटोप कुणीही केलेला नाही. मूल तीन भाषा घेऊन वाढतं तेव्हा ते गोंधळत नाही. मोठे लोक प्रत्येक वाक्यात त्याला थांबवतात तेव्हा ते गप्प होतं. चौथ्या वर्षी इंग्रजी अक्षरांचे उच्चार शिकवणारं एक प्रकरण मात्र यात आहे. ते मला अनावश्यक वाटलं आणि मी तसं लेखकांना कळवलं. ते काढलं नाही, हा त्यांचा अधिकार. वाचकांनी ते वगळून पुढे जावं, काही बिघडणार नाही.

आता तीन गोष्टी, ज्या या पुस्तकात आणखी जोराने यायला हव्या होत्या. पहिली: घरी शिकवणं म्हणजे आईने नोकरी सोडणं, हे गणित आपण इतक्या सहज मांडतो की त्यावर कोणी बोलतच नाही. वह्यांमधल्या बहुतेक नोंदी आईच्या अक्षरात आहेत. बाबा 'मदत करतात', असं जिथे तिथे लिहिलेलं आहे. मदत नको, वाटा हवा. आठवड्यातल्या ठरावीक सकाळी, रात्रीची गोष्ट आणि बाजार हे बाबांकडे कायमचं असावं आणि त्याची नोंदही त्यांनीच करावी. ज्या घरात दोघांनाही कामावर गेल्याशिवाय चूल पेटत नाही, त्या घराने अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. चांगली बालवाडी किंवा अंगणवाडी जवळ असेल तर मुलाला खुशाल तिथे पाठवा आणि या पुस्तकातलं संध्याकाळचं तेवढं करा. संध्याकाळची दोन तासांची संगत मुलाला पुष्कळ होते. दुसरी: घरी शिकणाऱ्या मुलाला इतर मुलं लागतात. ही अट मी सोडायला तयार नाही. दोन-तीन घरांनी मिळून आठवड्यातून काही सकाळी एकत्र यावं, पाळी ठरवावी. भांडण, वाटून घेणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं हे एकट्या मुलाला आई शिकवू शकत नाही.

तिसरी गोष्ट काळजीची आहे. प्रत्येक मूल आपल्या गतीने शिकतं हे खरं, पण या वाक्याच्या आड लपू नये. तीन वर्षांचं मूल दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, नजरेला नजर देत नसेल, आधी येणारे शब्द विसरू लागलं असेल, तर 'होईल हळूहळू' म्हणत थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत, बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे आणि अंगणवाडीतल्या तपासणीतून तिथे पोहोचता येतं. नर्सरीतल्या मुलाकडे निदान एका बाहेरच्या व्यक्तीचं लक्ष असतं. घरी असलेल्या मुलाला ती दुसरी नजर मुद्दाम मिळवून द्यावी लागते. वर्षातून दोनदा एखाद्या अनुभवी बालवाडीताईंना घरी बोलवा, मुलाशी तासभर खेळू द्या आणि त्या काय म्हणतात ते ऐका, आवडलं नाही तरी.

वह्या कशा ठेवायच्या याचा नमुना शेवटच्या प्रकरणात आहे आणि माझ्या दृष्टीने तेच पुस्तकाचं पहिलं प्रकरण आहे. त्यात गुण नाहीत, श्रेणी नाही, 'हुशार', 'चंचल', 'आळशी' असे शेरे नाहीत. मुलाने काय केलं, किती वेळ केलं, कुठे अडलं, काय म्हणालं, एवढंच. 'आज छान खेळला' ही नोंद उपयोगाची नाही. 'गाळणीत पाणी राहत नाही म्हणून खाली हात धरला, मग वाटी ठेवली' ही उपयोगाची. अशा पंधरा दिवसांच्या नोंदी एकत्र वाचल्या की पुढच्या पंधरा दिवसांचं काम आपोआप समोर येतं आणि विकतच्या संचाची गरज उरत नाही.

वाचकांना माझी विनंती आहे. पुस्तक हातात आल्यावर पहिले पंधरा दिवस यातला एकही उपक्रम करू नका. दोनशे पानांची साधी वही आणा, दिवसाच्या वेळा ठरवा, त्या पाळा, आणि रोज रात्री चार ओळी लिहा. त्यानंतर उपक्रमांची पानं उघडा आणि तुमच्या मुलाला लागतील तेवढीच घ्या. आणि शक्य असेल तर एक प्रत जास्तीची घेऊन तुमच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या ताईंना नेऊन द्या. त्यांच्याकडे मुलं पुष्कळ आहेत आणि पुस्तकं थोडी.